पांढरी पाच

कुकरची शिट्टी उडाली ती गायत्रीला दिसली, ऐकू आली नाही. ओट्याशी उभी राहून ती मेथी निवडत होती, कुकर हाताच्या अंतरावर, आणि शिट्टी आपली नेहमीसारखी उठली, थरथरली, वाफेचा झुबका सोडून खाली बसली. आवाज मात्र कुठून तरी लांबून, कोणी दातांआडून श्वास सोडावा तेवढाच. तिला वाटलं, शिट्टीत काहीतरी अडकलं. तेवढ्यात हेमराज, तिचा नवरा, खांद्यावर टॉवेल टाकून बाहेरच्या खोलीतून आला आणि त्यानेच गॅस बंद केला. "काय करून राहिली व? कधीच्या शिट्ट्या होऊन राहिल्या. वरणाचा पार लगदा झाला असन." गायत्री कुकरकडे बघतच राहिली. मग तिच्या पायांना कळलं की मालगाडी येते आहे. तिगावच्या बाजूने येणारी, भरलेली, जड. आधी फरशीतून पोटऱ्यांत, मग पोटात. "गाडी आली," ती म्हणाली. "कोणती गाडी?" म्हणून हेमराजने कान टवकारले, आणि जरा वेळाने खिडकीची काच वाजायला लागली तेव्हा तो हसला. "रेल्वेनं तुले नोकरीवर ठेवाले पाहिजे," म्हणाला. गायत्रीला हसू आलं नाही. वरचे आवाज गेले आणि खालचे राहिले, एवढं तिला त्या सकाळी ओट्यापाशी उभ्याउभ्याच कळलं. पुढे नागपूरच्या डॉक्टरने कागदावर उतरती रेघ काढून तेच समजावून सांगितलं, तेव्हा तिला त्यात नवं असं काही वाटलं नाही.

एकदा कळलं म्हटल्यावर मागचं सगळंच उलगडत गेलं. ती शाळेत मराठी शिकवायची. हजेरीला पोरं 'जय हिंद मॅडम' म्हणत, आणि इतक्यात पोरी फार दांड्या मारायला लागल्या असं तिचं मत झालं होतं. सोनाली नावाच्या एका बारीक आवाजाच्या मुलीची आई शाळेत येऊन उभी राहिली होती. "मॅडम, पोरगी तं रोज येऊन राहिली शाळेत. तुमी तिले गैरहजर काहून मांडता?" गायत्रीने उलट तिलाच सुनावलं होतं की पोरीला तोंड उघडायला शिकवा. चुलीवर हात भाजावा तसं ते आता आठवायचं. आणि मग चैत्रातला, जामसांवलीच्या मारुतीच्या देवळातला शनिवार. पांढुर्ण्याचं अंबाबाईंचं महिला भजन मंडळ, त्यात गायत्री लग्न होऊन आली तेव्हापासून पेटी वाजवत आलेली. अंबाबाई मंडळाच्या म्होरक्या. गुडघे गेलेले, आवाज शाबूत, आणि स्वभाव असा की मंडळाला नेणारा जीपवाला हॉर्नसुद्धा त्यांना विचारून वाजवी. त्या शनिवारी चाल वर चढली तशी गायत्रीची बोटंही वर गेली आणि चुकून शेजारच्या चावीवर बसली. तिथेच बसून राहिली. डोळे मिटून, समाधानाने, ती चुकीचा सूर धरून होती. डोळे उघडले तेव्हा झाडून सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.  पुढच्या खेपेला पेटी वृषालीपुढे ठेवलेली होती. वृषाली म्हणजे गायत्रीची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी. पेटी तिला गायत्रीनेच शिकवलेली. गायत्रीच्या हातात अंबाबाईंनी टाळ दिले. "तू टाळ धर," त्या म्हणाल्या, "तुले जमते." टाळ! जगातल्या सगळ्या वाद्यांतून नेमकं ते, ज्याचा आवाज आता तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. दोन झाकणं एकमेकांवर आपटावी तसं ती ते आपटत बसली आणि इतर बायकांच्या माना बघून ठेका धरत राहिली. पेटी तिच्या वडिलांनी दिलेली होती. ती समोर होती आणि तिच्या हातात नव्हती.

नागपूरला तिची मुलगी सायली शिकत होती, तीच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर आधी जातात, खालचे बहुतेक टिकतात. त्यातला 'बहुतेक' गायत्रीने उचलला आणि तो दिवसभर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा जिभेला लागत राहिला. कानात घालायचं यंत्र मिळालं. शाळेत त्याचा उपयोग झाला, सोनालीचं 'जय हिंद' परत आलं. पण पेटीपुढे ते घातलं की पत्र्यावरून खुर्ची ओढल्यासारखं वाटे. वृषालीने भात्याला लावायचं कापड आणायला सांगितलं होतं म्हणून मायलेकी सीताबर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात शिरल्या, आणि तिथे स्टुलावर बसून कोणी एक केसाळ माणूस काळं, लांब मानेचं काहीतरी वाजवून बघत होता. गायत्रीला ते आधी चपलांतून कळलं. मग पोटऱ्यांतून, मग बरगड्यांच्या खाली. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. किती महिन्यांत तिने अख्खा सूर ऐकला नव्हता. प्रत्येक सुराची वरची कड कोणी तरी कुरतडून नेलेली असायची. हा अख्खा होता. तिला रडू यायला लागलं, आणि दुकानात रडणं बरं दिसत नाही म्हणून तिने विचारलं, हे काय आहे. दुकानदार म्हणाला, "बेस गिटार हाये मॅडम. ऑर्केस्ट्रावाले घेतात. गाणं नाही निघत याच्यावर, हे मागं राहते." "मलेही मागंच राहाचं हाये," गायत्री म्हणाली. "सगळ्यात स्वस्तातला दाखवा." सायलीने आईचा दंड धरला, "आई, तू खरंच बोलून राहिली?" आणि आईचा चेहरा बघून सोडून दिला. बसमध्ये तो बेस दोघींच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखा उभा राहून पांढुर्ण्याला आला, आणि त्याचा स्पीकरचा डबा गायत्रीच्या मांडीवर.

घरी आल्यावर सगळी गंमतच झाली. हेमराज संत्र्याचा आडत्या. माल मोजून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने तारा मोजल्या. "दोन तारा कमी दिल्या तुले. थांब, मी बोलतो दुकानदारासंग." "चारच राहतात याले," गायत्री म्हणाली. "गिटाराले सहा राहतात, मले का माहीत नाही?" गल्लीतही तेच झालं. जो येई तो हळहळे, एवढ्या लांबून आणली आणि दोन तारा तुटल्या बिचारीच्या. कोणी सल्ला दिला, परत पाठवा. कोणी म्हणालं, सायकलच्या दुकानात तार मिळते. हेमराजने तिला एकदा वाजवायला लावलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, "हे तं नुसतं गूं गूं करून राहिलं. कोणाले आयकू येईन हे?" "मले," गायत्री म्हणाली.  दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर मागच्या गोदामात संत्र्यांचे कॅरेट एकावर एक चढवून त्याने एक कोपरा मोकळा केलेला, तिथे सतरंजी घातलेली आणि भिंतीवरून बोर्डाची तार ओढून आणलेली. त्या दिवशी तिने त्याच्या आवडीचं भरीत केलं.

वाद्य स्वस्तातलं होतं आणि ते लपवत नव्हतं. मानेवरच्या लोखंडी पट्ट्यांची टोकं उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की बाहेर यायची आणि पदराचे धागे ओढायची. मान जड, सोडली की जमिनीकडे निघायची. खुंट्या ढिल्या; तार चढवावी आणि जरा वेळाने ती आपली आपण उतरून बसलेली. डब्याचं बटण फिरवलं की आधी खरखर, आणि मग तो वाजवा न वाजवा, घुमत राहायचा. फोनवर शिकवणारा एक माणूस होता. त्याचं इंग्रजी तिला ऐकू येत नसे, ती त्याचे हात बघायची; पण एकदा त्याच्या बोलण्याची अक्षरं खाली उमटली तेव्हा कळलं की हे घुमणं म्हणजे दोष आहे, विजेचा आवाज आहे, तो घालवावा. गायत्रीने तो घालवला नाही. सतरंजीवर मांडी घालून, बेस मांडीवर घेऊन ती डबा सुरू करी आणि काही न वाजवता बसून राही. सौंसरला, तिच्या माहेरी, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणाला लागून त्यांचं घर होतं. वडील तिथे फिटर. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस यायचा, बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, आणि रात्रंदिवस तो हुंकार. भिंतीत, माठात, उशीत. ती त्या हुंकारावरच गायला शिकली. अंगणात उभी राहून आधी तो पोटात येऊ द्यायची आणि मग त्यातून आपला सा उचलायची. हंगाम संपून मोटारी थांबल्या की गावाला हायसं वाटे, आणि हिचा सा हरवायचा. "हरवत नाही तो," बाबा म्हणायचे, हातांवरचं ग्रीस चिंधीने पुसत. "मोटार कोणाचीही असो, गुणगुणते एकाच सुरात. कुठं गेली तरी भेटन तुले." पुढे जिनिंग बंद पडली, तिथे प्लॉट पडले, बाबाही गेले. आणि आता मागच्या गोदामात, संत्र्यांच्या आंबटगोड वासात, सगळ्यात स्वस्तातल्या डब्यातून ते घर पुन्हा चालू झालं होतं. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. टाळ खाली ठेवायचे. जामसांवलीला, मंडळात बसून, एक भजन तरी सुरात वाजवायचं. कानांत जे उरलं आहे ते उरलं आहे तोवर. यापलीकडे तिने देवाकडेही काही मागितलं नाही.

एकच गोष्ट तिने स्वतःकडे ठेवली नाही, ती म्हणजे सूर जुळवणं. त्या चैत्रातल्या शनिवारपासून तिचा आपल्या कानावरचा विश्वासच उडाला होता. फोनमध्ये सूर जुळवायची सोय होती; तार छेडली की काटा हलायचा आणि बरोबर जागी आला की हिरवा व्हायचा. काटा कधी चुकत नाही, कान चुकतो, असं तिने मानून घेतलं. सगळ्यात बारीक तार बोट न दाबता, मोकळी वाजवली की जो सूर येई तो पेटीवरचा पांढरी पाच, म्हणजे पाचव्या पांढऱ्या चावीचा. मंडळ तिथूनच गायचं, अंबाबाईंचा सा तोच. ते कळलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता, मोकळी तार छेडायची आणि सा हजर. त्या तारेचा सूर डब्यावर वाजताना लाटेसारखा वरखाली व्हायचा, ते मात्र तिला खुपायचं. पोटात कुठेतरी ढवळायचं. काटा हिरवा असे. मग ती म्हणे, डबा स्वस्त आहे, आणि पुढे वाजवायला लागे. दुपारी लाइट जायची. पांढुर्णा आता जिल्हा झाला तरी लाइट जायचीच. डबा मुका झाला की हा बेस म्हणजे नुसती फळी. आवाज हातभर लांब जाईना. अशाच एका दुपारी कंटाळून ती पुढे वाकली आणि तिची हनुवटी बेसच्या लाकडावर टेकली, आणि तार छेडली तर सूर थेट जबड्यातून डोक्यात शिरला. कानांना विचारायचं कामच नाही. ती दचकली, मग हसायला लागली, मग लाइट येईपर्यंत तशीच वाकून वाजवत बसली. वृषाली डोकावून गेली, तिला वाटलं, ताईंना चक्कर आली.

अंबाबाईंना विचारायला ती एकटीच गेली. त्या ओसरीत पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या. "देवळात? हे लायटीवरचं?" "खाली बसूनच वाजवीन, काकू. आवाज समोर येणार नाही, मागं राहीन." अंबाबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्या रोखून बघत तेव्हा माणसाला आपले जुने गुन्हे आठवत. मग त्या ओठ नीट हलवत, तिला कळेल असं बोलल्या, "आन. पण भजनाचा सत्यानाश झाला तं मी मधातच थांबवीन, सांगून ठेवतो." गायत्री म्हणाली, चालेल.

आणि तसंच झालं. जामसांवलीला शनिवारची ही गर्दी, पिंपळाखाली शेंदूर, नारळ, तेल. भोंगेवाल्याच्या बोर्डातून गायत्रीने डब्यासाठी विजेची तार घेतली, काटा चारही तारांवर हिरवा करून घेतला, फोन मांडीजवळ ठेवला. वृषालीने पेटीचा भाता मारला, अंबाबाईंनी सुरुवात केली, ढोलक आली आणि गायत्रीने मोकळी तार छेडली. पोट ढवळलं. नेहमीपेक्षा जोरात, गाडी लागल्यासारखं. तिने वाजवणं सोडलं नाही. काटा हिरवा होता. बायकांचे चेहरे आंबट झाले. ढोलकवालीने मान वळवली. वृषालीची बोटं अडखळली, तिने पेटी बंद केली आणि वाकून गायत्रीच्या कानाशी म्हणाली, "ताई, सूर नाही लागून राहिला." अंबाबाईंनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे गायत्री आज," आणि टाळ तिच्याकडे सरकवले. तिने ते घेतले. आरती होईपर्यंत वाजवले. येताना जीपमध्ये बेस गुडघ्यांत धरून ती शेवटच्या बाकावर बसली. इंजिनाचा घोगरा आवाज खालून येत होता आणि तिला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. खालचंही गेलं की काय? डॉक्टरांचा तो 'बहुतेक' आता तिच्यापुढे बसून तिच्याकडे बघत होता. काटा बरोबर, म्हणजे मी चूक. दुसरा हिशेबच तिला दिसेना. रडू आलं नाही. रडण्यापलीकडची एक कोरडी भीती असते, त्यात माणूस नुसता बाहेरची झाडं बघत राहतो.

बेस जुन्या चादरीत गुंडाळून तिने कॅरेटमागे उभा केला. हेमराजने विचारलं, "काहून व, आज गूं गूं नाही?" तिने सांगितलं, बोटं दुखतात. शाळा, भाकऱ्या, पेपर तपासणं, दिवस गेले. पण ती चालता चालता थांबायची. शेजारच्या गल्लीतल्या विजेच्या डीपीपाशी, कूलरपाशी, पिठाच्या चक्कीपाशी. उभी राहून पोटाला विचारायची, ऐकू येतं का? येत होतं. सगळीकडे तोच एक सूर, स्वच्छ, अख्खा. मग जामसांवलीला काय झालं? ही गोष्ट तिला गप्प बसू देईना. एका दुपारी ती गोदामात गेली आणि तिने चादर सोडली. लाइट नव्हती. पलीकडे, भिंतीआड, वृषाली पेटी पुसत होती की काय, अधूनमधून एकेक चावी वाजे. गायत्रीने फोनवर चारही तारा हिरव्या केल्या आणि बसून राहिली. तेवढ्यात लाइट आली. डबा खरखरला आणि घुमायला लागला, आणि नेमकं तेव्हाच पलीकडे वृषालीने एक चावी लांबवर धरून ठेवली. दोन्ही आवाज एक झाले. त्यांच्यात केस जाईल एवढी फट नव्हती. पांढरी पाच! ती चावी कोणती हे तिने बोटांत ओळखलं. घाईघाईने तिने मोकळी तार छेडली, आणि तिसरा आवाज त्या दोघांत शिरून लाटा मारायला लागला. पोट ढवळलं. म्हणजे पेटी आणि डबा एका बाजूला, आणि काट्याने हिरवी केलेली तार एकटी दुसऱ्या बाजूला. ती फोन घेऊन उठली, पायात चपला न घालता वृषालीच्या घरात शिरली आणि म्हणाली, "तीच चावी वाजव, वृषाली. सोडू नको." फोन पेटीसमोर धरला. काटा हिरव्याला ओलांडून पुढे गेला आणि तिथेच उभा राहिला. शेजारची चावी, तिच्या शेजारची. प्रत्येक चावीला काटा तेवढाच पुढे.

ती खाली बसली. आणि तिला बाबांचा तो हंगाम आठवला, जो इतकी वर्षं तिने नुसता एक गमतीचा किस्सा म्हणून सांगितला होता. जुनी पेटी त्यांनी कुठूनशी आणली होती आणि शाळकरी गायत्रीने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं होतं, हिचा सा खाली आहे, जिनिंगचा वर आहे.  हंगाम संपायच्या आत बाबांनी अंगणात पेटी उघडली, आतल्या पितळी पट्ट्या एकेक करून काढल्या आणि कामावरची सगळ्यात बारीक कानस घेऊन घासायला बसले. रोज थोडी घासायची, वाजवायची, कुंपणापलीकडच्या हुंकारासोबत जुळते का बघायची, पुन्हा घासायची. आई म्हणाली होती, मारली तुमी पेटी. त्यांनी ती मारली नव्हती. मोटारी थांबल्या त्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं आणि पांढरी पाच दाबून दाखवली. जिनिंग बंद होती आणि जिनिंग वाजत होती. इतकी वर्षं तिने त्याच पेटीवर बोटं फिरवली, मंडळातल्या बायकांचे गळे त्याच पेटीवर तयार झाले, अख्खं मंडळ जगापेक्षा जरा वरून गात आलं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. गायत्री हसली. मग रडली, अगदी हुंदके देऊन, वृषाली घाबरून पाणी आणायला धावली. तिचा कान बरोबर होता. हे सगळ्यात आधी, सगळ्यात मोठं. तिच्या पोटाने पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं आणि तिने काट्याचं ऐकून त्याला खोटं पाडलं होतं.

"मंग आता?" वृषाली म्हणाली. "नागपूरले नेऊन पेटी बरोबर करून आणायची का, ताई?" "पेटी बरोबरच हाये," गायत्री म्हणाली. गोदामात येऊन तिने फोन कॅरेटवर पालथा ठेवला. डब्याचा हुंकार चालू होता. तिने हनुवटी लाकडावर टेकवली, मोकळी तार छेडली आणि खुंटी पिळायला घेतली. लाटा आल्या, जवळजवळच्या, घाईच्या, मग लांबल्या, मग एकच मोठी लाट उरली, श्वासाएवढी, आणि ती पसरत पसरत सपाट झाली. खुंटी ढिली, तार पुन्हा उतरली. तिने पुन्हा चढवली. पुन्हा उतरली. "उतर किती उतरते ते," ती तारेला मोठ्याने म्हणाली, आणि पुन्हा चढवली. मग बाकीच्या तीन. संध्याकाळी हेमराजने खुंट्यांचे स्क्रू आवळून दिले, वर म्हणाला, "सहा तारा राहिल्या असत्या तं किती काम झालं असतं मले."

पुढच्या शनिवारी ती जीपमध्ये बेस घेऊन चढली तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अंबाबाईंनी टाळ पिशवीतून काढून आपल्याच मांडीवर ठेवले. लागले तर हाताशी असावेत. पिंपळाखाली बसल्यावर गायत्रीने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. फोन काढलाच नाही. "वृषाली, पांढरी पाच धर." सगळ्या थांबल्या. एवढ्या गर्दीत, नारळ फुटत असताना, ती मांडीवरच्या फळीवर हनुवटी टेकवून खुंटी पिळत बसली. शेजारून जाणारी एक बाई पोराला म्हणाली, पाहाय, बाईच्या अंगात येऊन राहिलं. लाटा लांबल्या, सपाट झाल्या. गायत्रीने मान वर करून अंबाबाईंकडे बघितलं आणि होकार दिला.

भजन सुरू झालं. शब्द तिला ऐकू येत नव्हते. ते तिला पाठ होते आणि अंबाबाईंच्या ओठांवर दिसत होते. टाळ, खंजिरीच्या चकत्या, पेटीचा वरचा झगमगाट, हे सगळं तिच्यासाठी आता नव्हतंच. पण खाली सा होता, आणि तो तिच्या बोटाखाली होता. तिने पहिल्यांदा तार छेडली तेव्हा वृषालीने झटकन मान वळवली, वाईट काहीतरी होणार म्हणून, आणि मग तिचे खांदे सैल झाले. ढोलकवाली पुढे सरकून बसली. दुसऱ्या कडव्याला बायकांचे गळे मोठे झाले. पाठीला भिंत मिळाल्यावर माणूस बसतो तशा त्या बसल्या. अंबाबाईंनी मांडीवरचे टाळ उचलून दुसऱ्या बाईच्या हातात दिले. गायत्रीने ते पाहिलं. तिला इतका आनंद झाला की बोट चुकतं की काय असं वाटलं, पण बोट चुकलं नाही.

आणि ऐन रंगात लाइट गेली. भोंगे गप्प, डबा गप्प, हुंकार गेला. बायका गातच राहिल्या, त्यांना विजेची काय गरज. फक्त आवाज एकाएकी उघड्यावर आल्यासारखा पातळ झाला. गायत्री पुढे वाकली. हनुवटी लाकडावर टेकली आणि सूर जबड्यातून आत आला, अख्खा, सौंसरच्या अंगणातला. तिने एकही मात्रा सोडली नाही. कडवं संपता संपता अंबाबाई तिच्याकडे वळल्या, अगदी जवळ वाकल्या, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "काहून थांबली व? चांगलं तं चालून राहिलं होतं."

गायत्रीने हनुवटी उचलली नाही. बोटंही थांबवली नाहीत.

"मी नाही थांबली, काकू," ती म्हणाली. "तुमाले आयकू नाही येऊन राहिलं."

अंबाबाईंनी तिच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि पुढचं कडवं त्या बोटांवर उचललं.